राहिलेली ओळ

मोडी वाचणारा ग्वाल्हेरात मी एकटा उरलोय, याचा अभिमान वगैरे मला काही नाही. कंटाळा आहे. एकाहत्तराव्या वर्षी डोळ्यांत थेंब घालून लोकांच्या खापरपणज्यांचे कागद लावत बसायचं, हिंदी तर्जुमा टाइप करायचा आणि खाली ‘मूल के अनुसार’ असा शिक्का मारून सही करायची. कोर्ट त्यावर विश्वास ठेवतं. ताडून बघायला दुसरं कुणी नाही, म्हणून ठेवतं.

या खेपेला कागद आला तो सख्ख्या बहिणीच्या घरचा. भावाने बहिणीचा कागद वाचू नये, एवढं मला कळतं. भाच्याला, केदारला, मी तसं सांगितलंही. तो म्हणाला, “तो फिर कोणाकडे जाऊ, मामा?” दुसरे वाचणारे होते ते गेल्या दिवाळीत वारले. मी कागद ठेवून घेतला.

बहीण शरयू नया बाजारातल्या एका दत्तमंदिरामागच्या दोन खोल्यांत चव्वेचाळीस वर्षं राहते आहे. मंदिराची पूजा तिच्या सासरकडे पिढ्यान्‌पिढ्या होती. मेहुणे दोन वर्षांपूर्वी गेले. केदार मोबाइलच्या कंपनीत नोकरीला, पूजा त्याने धरली नाही. आता मंदिराचा ट्रस्ट म्हणतो, खोल्या रिकाम्या करा. सोमवारी कोर्टात तारीख होती, आणि खोल्या दिल्याचा पुरावा म्हणजे हा एकच कागद.

कागद चांगला निघाला. खोल्या पुजाऱ्याच्या घराण्याकडे वंशपरंपरेने चालाव्या, कोणी हरकत करू नये. मला हायसं वाटलं. मग शेवटची ओळ लागली: पूजा सुटल्यास खोल्या देवस्थानास माघारी द्याव्या.

केदारला बोलावून सांगितलं, तर तो खुर्चीच्या कडेला टेकला.

“मामा, वो लाइन रहने दो ना. त्यांच्याजवळ नक्कल नाहीये. पढेगा कौन?” मग हळू आवाजात म्हणाला, “आई कुठे जाईल, तुम्हीच सांगा.”

मी त्याला चांगलाच झापला. झापला, कारण हा विचार त्याच्याआधी माझ्या मनात येऊन गेला होता.

छत्तीस वर्षं दफ्तरखान्यात काढली, कुणाच्या कागदातला कानामात्रा हलवला नाही. पण ते लोकांचे कागद होते. तीन दिवस मी फूलबागेत नुसता चकरा मारत राहिलो. चौथ्या दिवशी तर्जुमा टाइप केला, शेवटची ओळ सोडून. लाज वाटली, पण त्याहून जास्त थकवा वाटला.

ज्याचा कागद, त्याला वाचून दाखवल्याशिवाय शिक्का मारायचा नाही, ही आमच्या वडिलांची शिस्त. मोडी त्यांनीच मला शिकवली, रोज संध्याकाळी पाटीवर. शरयू शेजारी बसून वाती वळायची. तिला कुणी शिकवलं नाही. मुलीला मोडी काय करायची, असं तेव्हा होतं.

रविवारी दुपारी तिच्याकडे गेलो. चहा झाला. ती वाती वळायला बसली आणि मी मूळ कागद हातात धरून वाचून दाखवला, ‘हरकत करू नये’पर्यंत. घडी घातली. शिक्क्याची डबी उघडली.

“एक ओळ राहिली, दादा,” मान वर न करता शरयू म्हणाली. आणि ती ओळ तिने जशीच्या तशी म्हटली.

मी डबी परत मिटली.

“तू गिरवायचास तेव्हा मी शेजारीच असायचे ना? लग्नाच्या वर्षीच वाचलाय मी तो कागद.”

“मग माझ्याकडे कशाला पाठवलास?”

“खोल्या सोडायच्या म्हटलं तर केदार माझं ऐकत नाही. म्हटलं, तुझ्या शिक्क्याचं ऐकेल.” ती थांबली. “तू असं करशील असं वाटलं नव्हतं रे.”

“अगं, जाशील कुठे तू?”

“ते बघू नंतर. आधी लिही.”

मी पेन काढून ती ओळ टाइप केलेल्या मजकुराखाली हाताने लिहिली. शरयूने चष्मा लावला, दोन्ही कागद माझ्यापुढून ओढून घेतले आणि एकेक ओळीवर बोट ठेवून पहिल्यापासून ताडून बघितले.

“हं,” ती म्हणाली. “आता मार शिक्का.”