माळेतले आठ मणी

“चोपन्न!” विजेचे इन्स्पेक्टरसाहेब म्हणाले आणि मी पुढे सरकून बघितलं.

गिरणीतल्या नव्या डायनामोच्या तारांना त्यांनी एक लाकडी पेटी जोडली होती. पेटीच्या तोंडावर काचेआड पोलादाच्या बारीक जिभा ओळीने बसवलेल्या आणि प्रत्येकीखाली एक आकडा. वीज सेकंदाला जितके झोके घेते, त्या आकड्याची जीभ थरथरते, बाकीच्या गप्प बसतात. थरथरायला हवी होती पन्नासची. ती आपली ढिम्म. चोपन्नची मात्र अंगात आल्यासारखी नाचत होती.

“असं पास नाही करता येणार,” साहेब म्हणाले. “पंखे, मोटारी, सगळं पन्नास सायकलसाठी, म्हणजे पन्नास झोक्यांसाठी बनवलेलं असतं.”

“पण गिरणीतले दिवे तर लख्ख लागतायत, साहेब!” गिरणीचे मालक भिकाजीशेठ म्हणाले.

“जरा जास्तच लख्ख लागतायत.”

शेठ गर्रकन माझ्याकडे वळले. “मेल्या गणपत, इंजिनाचो आकडो कोणी दिलो? तूच ना?”

“मीच, शेठ.”

“मग उद्यापासून घराक बस. कोल्हापूरचो फिटर येवक तयार आसा.”

माणूस तसा वाईट नव्हता हो. पण अख्ख्या बाजाराला दिवाळीपर्यंत वीज देतो म्हणून सांगून बसला होता, आणि रत्नागिरीहून आलेला सरकारी माणूस त्याच्या दारात उभा राहून मान हलवत होता. कुणाचंही डोकं फिरेल.

माझं मात्र सगळंच त्या इंजिनावर टांगलेलं होतं. बारा वर्षं मी मुंबईत एका कापड गिरणीच्या इंजिनघरात तेलवाला होतो. अठ्ठावन्न साली आईचे डोळे गेले आणि मी गाशा गुंडाळून गावी आलो. धामापूरपासूनचे लोक भात सडायला या गिरणीत यायचे आणि इंजिनावर माणूस हवा होता, म्हणून निभावलं. हे काम गेलं तर परत मुंबई. तिथे एका खोलीत आम्ही अकरा बाप्ये राहायचो. त्यात आंधळ्या आईला कुठे ठेवू? आणि इथे ठेवून जाऊ म्हटलं, तर चूल कोण पेटवणार?

म्हणून मी धीर करून बोललो, “साहेब, मी मोजलंय. एकदा नाही, चारदा मोजलंय. दोनशेच फेरे आहेत.”

 साहेबांनी खिशातून मुठीएवढं एक यंत्र काढलं आणि त्याचं टोक इंजिनाच्या फिरत्या दांड्याला टेकवलं. काटा वर चढला.

“मिनिटाला दोनशे सोळा. सोळा फेरे कुठे गेले तुमचे?”

मी वाकून काटा पाहिला. साहेब पुढे म्हणाले, “इंजिन जरा सावकाश केलं की पन्नास येतील. ते काही मोठं काम नाही. पण ज्याला स्वतःच्या इंजिनाचे फेरे मोजता येत नाहीत, त्याच्या हाती मी बाजाराची वीज कशी देऊ? सर्टिफिकेटवर चालकाचं नाव लिहावं लागतं. कसं मोजलंत ते सांगा.”

मी सांगू लागलो. आमचं इंजिन जुनं, आडवं, एका सिलिंडरचं. चाक माणसाच्या उंचीला आलेलं. त्याचा ठोका दोन फेऱ्यांत एकदा पडतो, हे मुंबईच्या उस्तादाने मला कान पिळून शिकवलेलं. म्हणजे मिनिटाचे ठोके मोजायचे आणि दुप्पट करायचे. पण तोंडाने मोजून बघा! “सत्त्याण्णव” म्हणेपर्यंत पुढचा ठोका पडून जातो. दोनदा फसलो, तेव्हा आईची जपाची माळ आणली. एक ठोका, एक मणी. पोस्टमास्तरांचं सेकंदकाट्याचं घड्याळ समोर ठेवलं. बरोबर मिनिटाला माळ पुरी झाली.

“माळ म्हणजे शंभर, साहेब. दुप्पट केली, दोनशे. डायनामोला हवेत पंधराशे, म्हणजे साडेसातपट. तसं कळवलं आणि कोल्हापुराहून त्या मापाची पुली ओतून आली.”

साहेबांनी चष्मा काढून पुसला. “ती माळ कुठे आहे?”

“घरी. आईजवळ.”

“घेऊन या.”

मी धावत सुटलो. घर माडांपलीकडेच होतं. आई पडवीत नारळाच्या झावळ्या विणत बसली होती. डोळे गेले तरी बोटांना विसावा ठाऊक नव्हता.

“आये, माळ दी. साहेबान मागलीहा.”

“साहेब जप करतलो?” तिने विचारलं. मग माझा श्वास ऐकला आणि तिचा आवाज बदलला. “काय झाला रे झिला?”

दोन वाक्यांत सांगितलं. ती गुडघ्यावर हात टेकून उठली. “माळ माझी. मी पण येतंय.”

माझ्या खांद्यावर हात ठेवून ती गिरणीत आली. भिकाजीशेठनी कपाळाला हात लावला. “आता आवशीक घेवन इलो! काय तमाशो हा!”

साहेबांनी मात्र पायातले बूट काढून बाजूला ठेवले, मगच माळ घ्यायला हात पुढे केला. ते बघून माझा निम्मा घाम तिथेच आटला. एकेक मणी सरकवत ते मनात मोजत गेले. मेरुमण्यापाशी थांबले.

“एकशे आठ आहेत.”

“आसतलेच,” आई म्हणाली. “शंभर देवाचे, आठ चुकल्यामाकल्याचे. माणूस जपाक बसता, मधीच चुलीवरल्या दुधार ध्यान जाता, जीभ अडखळता. म्हणान आठ सोडून देवचे. ते मोजूचे नाय. धा माळा म्हणजे हजार जप. माझ्या आवशीन माका तसाच सांगलेला, मी ह्येका सांगलंय.”

देवाशपथ सांगतो, चाळीस वर्षांचा घोडा झालो होतो, पण त्या माळेचे मणी मी कधी मोजले नव्हते. आईने शंभर सांगितले, शंभर. त्यात मोजायचं काय?

“आजी, इंजिनाचं ध्यान दुधावर जात नाही,” साहेब हसून म्हणाले. “ते आठही म्हणतं.” मग माझ्याकडे वळले. “आठ ठोके. ठोक्याला दोन फेरे. किती झाले?”

“सोळा!” मी ओरडलोच. “साहेब, सोळा! सापडले!”

“आता मला दोनशे करून दाखवा.” त्यांनी आपलं यंत्र खिशात टाकलं आणि ती जिभांची पेटी तोंड फिरवून ठेवली. “यातलं काही बघायचं नाही.”

मी पाना घेतला.  वेग आवरणाऱ्या स्प्रिंगचा नट दोन आटे सैल केला. आई भाताच्या पोत्यावर बसली होती, माळ बोटांत धरून.

“मी मोजतंय,” ती म्हणाली. “तू तुझा काम बघ.”

साहेबांनी घड्याळ धरलं. “सुरू!” ठोक्याबरोबर तिचा अंगठा चालू लागला. ओठ हलत नव्हते, पण मान ठोक्यावर किंचित डुलत होती. “बस!” साहेब म्हणाले तेव्हा तिने उरलेले मणी चाचपले.

“तीन उरले. अजून घाई करता तुझा इंजिन.”

आणखी तीन-साडेतीन आटे. पुन्हा घड्याळ, पुन्हा माळ.  गिरणीत त्या एका ठोक्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं.

“बस!”

आईने एकेक मणी बोटाने दाबून पाहिला. “आठ,” ती म्हणाली. “आठ उरले, बाबा.”

साहेबांनी पेटी वळवली. चोपन्नची जीभ गप्प झाली होती. पन्नासची थरथरत होती, तीही अशी की नुसतं बघत राहावं.

“शेठ,” साहेब म्हणाले, “तुमचा माणूस एका ठोक्यानेसुद्धा चुकला नव्हता. माळच त्याला शंभराची शिकवलेली. मी सर्टिफिकेटवर याचंच नाव घालतोय. हरकत नाही ना?”

“छे छे, हरकत कसली!” शेठ म्हणाले आणि बाहेर तोंड करून ओरडले, “अरे, साहेबांक शहाळी काढा!” थोड्या वेळाने माझ्याजवळ येऊन पुटपुटले, “उद्या येळेर ये.” त्यांच्याकडून इतकी माफी खूप झाली.

त्या दिवशी तिन्हीसांजेला बाजारात पहिले दिवे लागले. मी आईला दुकानाच्या ओट्यावर नेलं. तिने दिव्याच्या दिशेने तळवा उचलला आणि तसाच धरून राहिली.

“गरम आसा,” ती म्हणाली. “म्हणजे लागलो.”

मी तिच्याकडे बघत राहिलो आणि डोळ्यांना धार लागली. तिला दिसत नव्हतं हे एक बरं.

साहेबांचं नाव मी विचारलंच नाही. कागदावरची सही कुणालाच लागत नाही, शेठनाही नाही. पण त्यांनी बूट काढले होते, हे मी विसरलो नाही. त्या माणसाच्या कृपेने मी पुढची पाच वर्षं आईच्या हातची पेज जेवलो. चुलीशी मी बसायचो खरा, पण मीठ तिच्याच चिमटीने पडायचं.

सदुसष्टच्या आषाढात ती गेली. माळ मी तिच्याबरोबर जाऊ दिली नाही. भटजी काही म्हणाले, म्हणू देत. इंजिनघरात खिळ्याला टांगली.

आता माझ्याकडे चांगलं घड्याळ आहे, शेठनी साहेबांसारखं ते यंत्रही आणून दिलं आहे. पण सकाळी इंजिन सुरू केलं की मी हात धुतो आणि माळ उतरवतो. एक ठोका, एक मणी. मिनिट संपतं. इंजिन बरोबर असेल तर बोटांत आठ मणी उरतात. ते मी सावकाश, ठोक्याकडे लक्ष न देता सरकवतो आणि माळ खिळ्याला लावतो.