हिवाळ्याच्या चोवीस बाटल्या

अंजना अकोल्याच्या एका छापखान्यात प्रुफं वाचते. गाइडं, प्रश्नपत्रिका, लग्नपत्रिका, जे टेबलावर येईल ते. राहते मात्र वाशीमला. म्हणजे सकाळची पॅसेंजर, संध्याकाळची पॅसेंजर, आणि जाऊन-येऊन चार तास गाडीत. गेला पंधरवडा हे चार तास तिनं धाकट्या भावाला देऊन टाकले होते. नवीनचा पीएचडीचा प्रबंध लिहून झाला होता आणि येत्या शुक्रवारी तो विद्यापीठात जमा करायचा होता. इंग्रजी तपासायला त्यानं आधी अमरावतीत माणूस शोधला. मग कुणीतरी त्याला आठवण करून दिली की बहीण हेच काम करून पोट भरते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

प्रबंध होता पिण्याच्या पाण्यावर, आणि पाणी होतं त्यांच्याच बंजारा तांड्याचं, मानोऱ्याजवळचं. चोवीस घरं निवडायची, दर महिन्याला प्रत्येक घरच्या माठातलं बाटलीभर पाणी घ्यायचं आणि त्यात नायट्रेट किती ते प्रयोगशाळेत मोजायचं, असं सव्वा वर्ष. नवीन अमरावतीला, म्हणून बाटल्या भरायचं काम आईकडे, रुपाबाईकडे आलं. रुपाबाई शाळेची पायरी चढलेली नव्हती, पण आकडे ओळखायची. नंबर लावलेल्या बाटल्या ती थर्माकोलच्या पेटीत रचायची, जीपनं मानोऱ्याला जायची, कोल्ड्रिंकच्या दुकानातून बर्फ मागून घ्यायची आणि पेटी अमरावतीच्या एसटीत चढवून द्यायची. एक महिना चुकला नाही. पहिल्याच पानावर नवीननं तिचे आभार मानले होते, आणि ते वाचताना अंजनाचे डोळे भरून आले होते.

शनिवारी सकाळी गाडीनं जऊळका सोडलं आणि पाचवं प्रकरण सुरू झालं. त्यात एक मोठा तक्ता होता. पावसाळ्यात घरोघरची तऱ्हा वेगळी. कुणी विहिरीचं पाणी पितं, कुणी हापशीचं, कुणी टाकीचं. हापशीवाल्यांचे आकडे साठीच्या पुढे गेलेले, आणि पंचेचाळीसच्या वर गेलेलं पाणी तान्ह्या लेकरांना पाजू नये, हे नवीननंच आधी लिहिलेलं. पण डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारीत चोवीसही घरं एकोणीस-विसावर येऊन गप बसली होती. नवीननं त्यावर अडतीस पानं लिहिली होती. हिवाळ्यात जमिनीतलं पाणी निवळतं, सगळीकडे सारखं होतं आणि पिण्याजोगं होतं, असा त्याचा शोध. मार्गदर्शकांना हेच प्रकरण सगळ्यात आवडलं होतं, म्हणे.

अंजनाला विज्ञानातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण शेवटी घरमालकांची यादी होती, ती तिला पाठ होती. घर क्रमांक अकरा, दौलतसिंग. घर क्रमांक सोळा, भागिरथाकाकी. दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रक येतो आणि तांडा ऊस तोडायला जातो, तो होळीच्या सुमाराला परततो. मागे राहतात पाच-सहा म्हातारी माणसं आणि कुत्री. डिसेंबरात दौलतसिंगच्या दाराला कुलूप असतं. मग त्याच्या माठातलं पाणी आणलं कुणी?

तिनं तक्ता पुन्हा वाचला. उठून दारापाशी गेली, परत आली, तोवर जागा गेली होती. खांबाला टेकून तिनं तिसऱ्यांदा वाचला. आकडे बसल्या जागी ठोकून दिलेत, हे एकदा डोक्यात शिरलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा शिकावा म्हणून तिनं स्वतःचं एमए अर्ध्यावर सोडलं होतं, आणि यानं हे दिवे लावले होते. तिनं तिथूनच फोन लावला. (बहीणभाऊ बोलतात गोरमाटी या बंजारा बोलीत; मी ते वऱ्हाडीत सांगतो, नाहीतर वाचणाऱ्याची पंचाईत.)

"नवीन, खोटे आकडे कायले लिहिले तू?"

तो म्हणाला, "ताई, मशीनचे कागद हायेत माह्यापाशी. एकेक बाटली मी सोता तपासली. तुले माह्यावर भरोसा नाई का?"

रेंज गेली. पण त्याचा आवाज खोट्या माणसाचा नव्हता, तो दुखावलेल्या माणसाचा होता, आणि तेवढं तिला पुरलं. नवीन दहाव्या वर्षी आश्रमशाळेत गेला. घरी यायचा तो दिवाळीला आणि उन्हाळ्यात, आणि दोन्ही वेळेला तांडा भरलेला असायचा. लोक उसाला जातात हे त्याला ऐकून माहीत होतं. कुलपांची रांग त्यानं कधी पाहिली नव्हती. पाहिली होती ती अंजनानं, आईजवळ राहून.

मग आकडे नवीनच्या डोक्यातून आले नसतील, तर आले कुठून? उत्तर तिला बार्शीटाकळीच्या आधीच सुचलं आणि दिवसभर छापखान्यात तिचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. एका लग्नपत्रिकेत तिनं वराच्या जागी वधूचा मामा जाऊ दिला.

रविवारी ती तांड्यावर गेली. रुपाबाईनं चहा टाकला. अंजनानं आडून आडून विचारलं, आणि रुपाबाईनं आडपडदा न ठेवता सांगून टाकलं, उलट कौतुकानंच. घरं बंद होती, पण टाकीचा नळ होता ना. अंगणात चोवीसही बाटल्या रांगेनं मांडायच्या, म्हाताऱ्यांच्या घरच्याही, नंबर पाहून त्याच नळाखाली एकेक भरायची आणि बूच घट्ट लावायचं.

"पन त्या घरचं पानी नव्हतं ना ते, याडी," अंजना आईला म्हणाली.

"घरं बंद होती. म्हनून का पोराचं काम बंद ठेवाचं?" रुपाबाई हसली. मग तिनं विचारलं, नवीन डॉक्टर झाला की तांड्याला जेवण घालावं लागेल, तर लापशी करावी की बुंदी.

अंजनानं कप खाली ठेवला. आता हिला काय सांगावं? ती उठून बाहेर आली. हापशीवर भागिरथाकाकीची सून हंडा भरत होती, कडेवर तीन महिन्यांचं लेकरू. लेकरू लहान म्हणून यंदा ती उसाला जाणार नव्हती, हिवाळाभर इथंच राहणार होती. पाचव्या प्रकरणाच्या शेवटच्या पानावर नवीनची शिफारस होती: हिवाळ्यात हापशीचं पाणी लहान मुलांना द्यायलाही हरकत नाही. ती शिफारस जिल्हा परिषदेकडे पाठवायची, असं त्याच्या मार्गदर्शकांनी ठरवलं होतं.

सोमवारी सकाळी अंजना गाडीत बसली खरी, पण कागद पिशवीतून काढले नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची. मार्गदर्शकांना कळलं नव्हतं, परीक्षकांना कळणार नव्हतं, तांड्यातल्या कुणी हा प्रबंध वाचणार नव्हतं. नवीनची फेलोशिप याच महिन्यात संपत होती आणि कॉलेजातली नोकरी डिग्रीवर अडून होती. गप्प बसलं की सगळ्यांचं भलं, फक्त एका लेकराचं सोडून. हे मनाशी म्हणून पाहिलं आणि तिला स्वतःचीच शरम वाटली. रेंज होती तोवर तिनं फोन लावला आणि कुठलंही पाल्हाळ न लावता सगळं सांगितलं: कुलपं, नळ, रांगेनं मांडलेल्या बाटल्या.



"ताई," तो म्हणाला, "तिची चूक नाई. पयल्या मयन्यात तिनं दोन बाटल्या रिकाम्या धाडल्या होत्या. मी लय बोललो तिले. म्हटलं, एक जरी बाटली रिकामी आली तं माही पीएचडी गेली समज."

गाडीचा खडखडाट चालू राहिला. त्याला रडू येत होतं आणि ते तो लपवत होता. तिला दोन्ही कळत होतं. पहिल्या दिवशी आपण त्याच्यावर ओरडलो, याचं तिला फार वाईट वाटलं. मग त्यानं नाक ओढलं आणि म्हणाला, पाचवं प्रकरण काढ. शुक्रवारी तो प्रबंध नाही, मुदतवाढीचा अर्ज देणार होता. फेलोशिप गेली तर शिकवण्या घेईन म्हणाला, पण हा हिवाळा तांड्यावर राहणार होता, त्या पाच-सहा म्हाताऱ्यांच्या आणि त्या बाळंतिणीच्या घरचं पाणी स्वतः भरणार होता. आईला तोच सांगणार होता. अंजनानं लाल पेन काढला आणि अडतीस पानांवर एकेक फुली मारत गेली. शेजारची बाई पाहत राहिली.

परतीच्या गाडीत, जऊळक्याच्या अलीकडे, रुपाबाईचा फोन आला.

"नवीनचा फोन आल्ता. माहंच चुकलं, माहंच चुकलं, एवढंच म्हनून राह्यला. काय झालं वं त्याले? मी तं चोवीसच्या चोवीस भरल्या होत्या."

नवीनला सांगवलं नव्हतं तर. अंजनानं डोळे मिटून घेतले.

"याडी, ज्या घराले कुलूप होतं त्याची बाटली रिकामीच धाडाची होती."

रुपाबाईनं अगदी साधेपणानं विचारलं:

"पोराले रिकामं कसं धाडू वं, अंजना?"