खाटेखाली लपवलेला तराजू

मित्रांनो, मी एक जुना तराजू आहे. भद्रावतीच्या तळ्याकाठी एक घर आहे, तिथल्या खिळ्याला मी लटकलेला असतो. माझी गंजकी दांडी बघून हसू नका हं. नवा होतो तेव्हा माझी पारडी अशी चकाकायची की बाजारातल्या बायका त्यात बघून कुंकू नीट करायच्या!

वरोऱ्याच्या बाजारात गोकुळाबाईने भरपूर घासाघीस करून मला विकत घेतलं. तिचं माहेर-सासर दोन्ही मासेमारीचं. नवरा, घनश्यामभाऊ, कोळसा खाणीत कायम नोकरीला लागला, तरी बाईने मासोळी सोडली नाही. परसात तिचा सिमेंटचा हौद होता. त्यात जिवंत मरळ आणि मागूर सळसळत असायचे. गिऱ्हाईक यायचं, बोट दाखवायचं, बाई झपकन मासा धरायची आणि माझ्या पारड्यात टाकायची. मासा उड्या मारायचा, मी डुलायचो. काय दिवस होते! त्या कमाईवर लेकीची, पायलची शाळा, किराणा, सणवार सगळं चालायचं. भाऊच्या पगारातून घराच्या स्लॅबसाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता जायचा.

पण हौदाची ती जागा वाटणीत धाकट्या दिराकडे, अमरकडे गेली होती. अमर वाईट नव्हता. त्याला नागपुरात घर घ्यायचं होतं. तो म्हणाला, जागा आधी तुम्हालाच देतो, पण दसऱ्यापर्यंत पैसे द्या, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे.

मग नवरा-बायकोने ठरवलं, घर चंद्रपूरच्या बँकेत पुन्हा तारण ठेवायचं. नव्या कर्जातून जुनं फेडायचं आणि उरलेल्या पैशांत परस घ्यायचं.

बँकेचे साहेब घर बघायला येणार त्या सकाळी भाऊने नुसती धांदल केली. जाळी शेजाऱ्याकडे पाठवली. हौदावर फळ्या टाकून वर तुळशीच्या कुंड्या मांडल्या. अंगणात फिनाईल ओतलं.

"मासोळीचा वास आला का साहेब आपल्याले गरीब समजन," तो म्हणाला. "तो तराजू खाटेखाली सरकव."

"मले बी सरकवा मंग खाटेखाली," गोकुळाबाई म्हणाली. "मले का कमी वास येते?"

पायल खो खो हसली. भाऊ नाही हसला.

साहेब आले. त्यांनी फीत लावून खोल्या मोजल्या, स्लॅब ठोकून पाहिला, पगाराची पावती घेतली. मी खाटेखालून सगळं ऐकत होतो. त्यांनी विचारलं, घरात आणखी कोणी कमावतं का? बाई काय करतात?

"काई नाई," भाऊ झटकन बोलला. "घरीच असते."

बाईने चहाचा कप साहेबांपुढे ठेवला आणि ती आत निघून गेली.

मित्रांनो, कर्ज मंजूर झालं, पण हवं त्याच्या निम्मंच! घर दोघांच्या नावावर होतं, म्हणून सहीला दोघांना जावं लागलं. बाईने आधी चंद्रपूरच्या बाजारात मासोळी विकली आणि मला पिशवीत घालून तशीच बँकेत आली.

भाऊने साहेबांना विचारलं, घर एवढं मजबूत, मग कर्ज काऊन कमी?

"घराची किंमत चांगलीच आहे," साहेब म्हणाले. "पण हप्ता घर भरत नाही ना, माणूस भरतो. तुमच्या पगारातून घरखर्च वजा करायचा, निवृत्तीला किती वर्षं उरलीत ते बघायचं. त्यात जेवढा हप्ता बसतो तेवढंच कर्ज. आणि घरात कमावणारे तुम्ही एकटेच."

तेवढ्यात बाईच्या हातून पिशवी निसटली. मी फरशीवर असा खणखणलो की अख्खी बँक वळून बघायला लागली! साहेबांनी वाकून माझ्याकडे पाहिलं, मग बाईकडे. तिने सांगितलं, लग्नापासून मासोळी विकते, मच्छीमार सोसायटीची सभासद आहे, सोसायटीच्या पावत्या घरी पेटीत आहेत.

साहेबांनी कर्जाची फाईल पुन्हा उघडून पाहिली. मग म्हणाले, "अहो बाई, हे त्या दिवशी सांगायचं. ही कमाई धरली असती तर तुमचं काम झालं असतं. आता सगळं पहिल्यापासून करावं लागेल. दोन महिने तरी जातील."

दसरा चार दिवसांवर आला होता. भाऊने अमरला फोन केला. पण अमरने नागपूरच्या घराचा शब्द दिलेला होता, तो थांबू शकला नाही.

बसमध्ये बाई एवढंच बोलली, "मी कमावते, हे सांगाले तुमाले लाज वाटली."

भाऊने माझी पिशवी तिच्या हातातून घेऊन स्वतःच्या मांडीवर ठेवली.

दिवाळीच्या आत नव्या मालकाने हौद फोडला आणि भिंत घातली. हौद नाही, तर मासे जिवंत ठेवायचे कुठे? आणले त्याच दिवशी मिळेल त्या भावात विकून टाकावे लागायचे. हळूहळू गिऱ्हाईक तुटलं. आता गोकुळाबाई रोजीने दुसऱ्याच्या शेतातल्या बांधीत धान लावायला जाते. घनश्यामभाऊ दर रविवारी मला तेल लावून पुसतो. पाहुणे आले की माझ्याकडे बोट दाखवून सांगतो, आमची बाई मोठी मासोळीवाली होती.

मला तेल नको, मित्रांनो. मला पारड्यात उडी मारणारा मासा हवा होता. तुमच्या घरात जे राबतात त्यांच्या कामाची काळजी घ्या, ते काम चालू आहे तोवरच. आणि तुमची आई काय करते असं कोणी विचारलं, तर उत्तर तिलाच देऊ द्या.