वडाची जागा

सूत पांढरं होतं, कच्चं, वितीभर लांब, आणि अंबिकाबाईंच्या उजव्या वहाणेच्या अंगठ्यात गुंतून बागेतल्या घराच्या व्हरांड्यापर्यंत आलं होतं — कुठून, हे त्यांनी लगेच ओळखलं, आणि लगेच विसरायचंही ठरवलं. वाकून काढावं तर कंबर… राहू दे. टेबलावर नकाशा पसरलेला, कोपरे उडू नयेत म्हणून कुंड्यांची खापरं ठेवलेली, आणि नकाशाच्या बरोबर मध्ये तो गोल. चाळीस पावलांचा. रिकामा.

सकाळी ओव्हरसीयर मधुकर येऊन गेला होता. नवं राज्य होणार, कचेऱ्या भोपाळला जाणार की जबलपूरला यावर उज्जैनच्या फ्रीगंजात चहाच्या पैजा लागलेल्या. बागेचा नकाशा मात्र आज पाच वाजेपर्यंत हवा होता. जे जमिनीवर आहे ते कागदावर, खाली बाईंची सही, की संपली बाईंची नोकरी. गोलात काय लिहू, असं बाईंनी विचारलं तेव्हा तो चष्मा पुसत म्हणाला,

"जे आहे तेच, बाईसाहेब. काही नाही तर काही नाही लिहा. तिथे पाण्याची टाकी बसवायची म्हणतायत." मग चष्मा चढवून, "झाड असतं तर बात वेगळी होती. झाड तोडायला मंजुरी लागते, आणि मंजुरी देणारे साहेब आता कोणत्या राज्यात आहेत ते त्यांनाच माहीत नाही."

आणि तो गेला. फाटक समोर, ऊन चढलेलं, वाट सरळ गोलातून — आणि मधुकर गोलाला वळसा घालून गेला.

तोही.

बाकीच्यांचं बाईंनी स्वतःला समजावलं होतं. बाकीच्यांना सवय होती, आणि ती बाईंनीच लावलेली. दरबारच्या अमदानीत एका कारकुनाच्या बाविशीतल्या विधवेला बागखात्यात नकाशे उतरवायला बसवलं ते दयेपोटी. ती स्वतःचेच नकाशे काढू लागली तेव्हा दया आटली. लोक माळीणबाई म्हणत. त्या शांतपणे सांगत, माळी झाडं लावतो, मी जागा सोडते. आधी सावली, मग झाड — तीस वर्षांनी जेवढी सावली पडेल तेवढा राखेचा गोल जमिनीवर टाकायचा, महिनाभर सगळ्यांनी तिथे झाड आहे असं समजून चालायचं, आणि पायांनी जिथे वाट पाडली तिथे फरशी. अशी बाग या मुलखात कुणी केली नव्हती. दरबारी मंडळी पोट धरून हसली, आणि मग पगड्या सांभाळत भर उन्हात राखेला वळसे घालत राहिली. हुकूमच होता. बाग झाली तेव्हा लांबलांबून माणसं बघायला आली, आणि जे हसले होते तेच म्हणाले, आमचीच कल्पना.

पण मधुकर इथे येऊन सहा महिने झाले होते. राख तर कधीच उडून गेलेली, त्याला ती कुणी दाखवली?

मधला गोल वडाचा. तो शेवटी भरायचा, असं बाईंनी ठरवलेलं… आणि अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात भैरवगढच्या जुन्या वडाची मनगटाएवढी फांदी आणली, ओल्या गोणपाटात गुंडाळून इथेच, या खांबाशी ठेवली. त्याच आठवड्यात दरबार संपला, मध्यभारत राज्य झालं, आणि कागद आला की मधली जागा पुतळ्यासाठी राखून ठेवावी. पुतळा कुणाचा, हे समिती ठरवणार होती. समिती आठ वर्षं ठरवतेच आहे. फांदीला गोणपाटातच दोन पानं फुटली होती, लालसर, मिटलेली — आणि, बाई स्वतःशीच म्हणत, मी पाणी घालायचं थांबवलं. थांबवा असं कुणीच सांगितलं नव्हतं. कागदात फक्त जागेचं होतं, फांदीचं नव्हतं. रोज येताजाता बघत होते मी. वाळायला अकरा दिवस लागले तिला.

"अंबूताई, कालचा प्रसाद."

कुंपणापलीकडून शेजारची शोभा. नवरा बँकेत, बदलीवर गेल्या वर्षी साताऱ्याहून आलेली. विधवेला वटपौर्णिमेचा आंबा द्यावा की नाही, या फंदात ती पडत नसे. आंबे फार झाले होते. दरवर्षी म्हणे सगळ्या टांग्याने भैरवगढला जातात, पण यंदा टांगेवाल्याने फारच भाव खाल्ला. "म्हटलं, तुमचा वड असताना कशाला."

"कुठला वड?"

"आता कुठला काय, मधला. सूत पुरेना, तर समोरच्या जयूचं उसनं घेतलं." शोभाने पदराने घाम टिपला. "पण तुमची कमाल आहे हं. एवढं ऊन, आणि बुडाशी पाय भाजत नाहीत."

बाईंनी आंबा घेतला. कुणाला तोंडावर खोटं पाडण्याची त्यांना सवय नव्हती. शिवाय शोभाचा चेहरा खोटं बोलणाऱ्या बाईचा नव्हता, घरी आमटी उकळत असलेल्या बाईचा होता.

बाराला त्या छत्री आणि नकाशा घेऊन उतरल्या. ज्येष्ठात उज्जैनला भर दुपारी सावली पायाखाली शिरते, खांबाचीसुद्धा उरत नाही. झाडं तपासायला बाई दरवर्षी हाच दिवस धरत, कारण आज बाजूच्या कशाची सावली सरकत येऊन फसवू शकत नाही. आज जिथे सावली, तिथेच झाड. सरळ मध्ये जायचं, काही नाही ते बघायचं, 'रिकामा' लिहायचं. सव्वीस वर्षांत नकाशावर खोटं लिहिलं नव्हतं, आता टाकीच्या भीतीने लिहायचं काय…

मध्यावर सूत पडलं होतं. सात पदरी वेढा, अगदी नेटका, जणू कशावरून तरी अलगद खाली घसरलेला. त्या खाली बसल्या. विती टाकल्या. चार विती आणि चार बोटं. नकाशात त्यांनी काढला होता तो तीस वर्षांचा बुंधा, दोन माणसांच्या कवेतला. हा तो नव्हता. हा आठ वर्षांचा होता.

मग त्यांच्या लक्षात आलं की छत्री मिटलेली आहे. ती कधी मिटली? गोलाच्या कडेला, मिटली असणार… झाडाखाली शिरताना माणूस मिटवतो तशी. आणि डोकं तापलेलं नव्हतं. वर बघायचं त्यांनी टाळलं.

गुडघ्यावर नकाशा घेतला. समासात दोन रकाने होते: झाड, घेर. खोटं लिहायचं तर अंदाज करावा लागतो, आणि त्यांना अंदाज करावा लागणार नव्हता. पेन्सिल रकान्याशी थांबली. पानांचा कसलाच आवाज नव्हता. डाव्या खांद्याला गारवा लागत होता, कुणी पाणी मागायला अगदी जवळ येऊन उभं राहावं तसा — आणि बाई जरा सरकून बसल्या, जागा सोडून.