मुद्दाम केलेल्या चुका

तिसरीच्या बाई रोज एक चूक करत. गणिताचा तास सुरू झाला की फळ्यावर एक वाक्य लिहायच्या, खडू टेबलावर ठेवायच्या आणि हाताची घडी घालून गप्प उभ्या राहायच्या. वर्गाने ते तपासायचं. पटलं तर का पटलं, नाही पटलं तर का नाही पटलं, तेही सांगायचं. नुसतं ‘चूक, चूक’ म्हणून कोकलणाऱ्याच्या पदरात काही पडत नसे.

‘दोरा जितका लांब, तितकी आतली जागा मोठी.’ हे वाक्य आलं त्या दिवशी अख्खा वर्ग जमिनीवर पालथा पडला होता. लांब दोऱ्याच्या चौकटीत एका ओळीत पाच फरश्या मावल्या आणि आखूड दोऱ्यात दोन ओळींत सहा. पोरांना काही खजिना सापडला असता तरी इतका आरडाओरडा झाला नसता.

शेजारच्या वर्गातले सर दारात आले. “बाई, शाळा चाललीय की बाजार?”

“बाजारच आहे, सर. फक्त इथे उधारी चालत नाही. कारण रोख द्यावं लागतं.”

सर हसून गेले, पण जाताना फरश्या मनातल्या मनात मोजून गेले. त्यांच्या वर्गात पाढे खणखणीत म्हटले जात, पण ‘का?’ असं विचारायची हिंमत कोणी करत नसे. हे त्यांना ठाऊक होतं, आणि ते मान्य करायला लागू नये एवढी काळजी ते घेत.

बाईंच्या वर्गात सगळ्यांत चिवट गिऱ्हाईक होती वकील. नाव घरच्यांनी दुसरंच ठेवलं होतं, पण ते हजेरीपुरतं. आठ वर्षांची, दोन वेण्या, आणि समोरचा काहीही बोलला की भुवई वर. तिच्या बाजूला बसायचा घाई. त्याचं उत्तर तोंडातून आधी बाहेर पडायचं आणि कारण मागून धापा टाकत यायचं.

दिवाळीनंतर म्हणा की थंडी सुरू झाल्यावर, असं नेमकं बोट ठेवता येणार नाही. पण केव्हातरी बाईंच्या चुका बदलल्या. एका सोमवारी त्यांनी लिहिलं, ‘दोन विषम संख्या मिळवल्या की विषमच संख्या येते.’ पोरांनी मण्यांच्या जोड्या लावल्या. दोन्हीकडचा उरलेला एकेक मणी एकमेकांना मिळतो, मग कोणी उरतंच कसं, असं दाखवून वाक्य निकालात काढलं. मंगळवारी फळ्यावर पुन्हा तेच वाक्य.

“कालचंच आहे!” घाई म्हणाला.

“बाई बघतायत, आपल्याकडे दुसरं कारण आहे का ते,” वकिलीणबाईंनी खुलासा केला. मग पोरं स्वतःच दोन रांगांत उभी राहिली आणि त्यांनी दुसरं कारण शोधून काढलं. बाई चकित होऊन बघत राहिल्या. पोरांना वाटलं, काय झकास नाटक करतात बाई!

त्या थंडीत वर्ग कधी नव्हता इतका तयार झाला. सरांनाही हेवा लपवता येईना. ही तयारी कोणाच्या खर्चाने होतेय, ते मात्र कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

एकट्या वकिलीणबाईंच्या ध्यानात आलं. सदतीस आणि आठ चव्वेचाळीस, असं बाई लिहून गेल्या तेव्हा वर्ग खिदळला, पण ती हसली नाही. यात शोधण्यासारखं काही नव्हतं. बाईंची चूक म्हटली की तिच्या आत काहीतरी दडलेलं असायचं. ही नुसतीच चूक होती. त्या दिवसापासून ती फळ्याकडे कमी आणि बाईंच्या हाताकडे जास्त बघू लागली.

वर्गाचा नियम होता की कोणीही उभं राहून आपलं म्हणणं मांडावं. एका सकाळी ती उभी राहिली. आवाज नेहमीपेक्षा लहान.

“माझं म्हणणं असं आहे. बाई मुद्दाम चुकतात तेव्हा खडू खाली ठेवतात. हल्ली चुकल्यावर खडू ठेवत नाहीत, पुढचं लिहायला लागतात. म्हणजे हल्लीच्या चुका मुद्दाम नाहीत.”

“नेहमी असंच होतं?” मागून कोणीतरी विचारलं. सवयच होती ती.

“मी बघितलं तेवढ्या वेळा.”

“बाई दमल्या असतील!” घाई उसळला. “चष्मा बदलायचा असेल!”

“तोंडाने सांगतानाही चुकतात. तिथे चष्मा कुठे आला?”

मग सगळे बाईंकडे वळले. बाई खुर्चीला धरून उभ्या होत्या. हसण्यावारी न्यायला एवढा वेळ पुरेसा होता. ‘गंमत केली रे’ म्हटलं असतं तर वर्ष निभावलं असतं, आणि हा वर्ग त्यांच्याकडेच राहिला असता. घरी नवऱ्याला त्या हेच सांगत आल्या होत्या, आणि तो बिचारा मानतही आला होता.

“तपासू या,” बाई म्हणाल्या. “मला बेरीज द्या. आज मी मुद्दाम चुकणार नाही. शब्द देते.”

अडुसष्ट आणि सत्तावीस. बाईंनी पंच्याऐंशी लिहिलं आणि वळल्या. कोणीही ओरडलं नाही. फळ्यावर चूक असताना हा वर्ग गप्प बसायची ही पहिलीच वेळ. बाईंना फळा बरोबर दिसत होता, पण पोरांचे चेहरे त्यांनी जन्मभर वाचले होते.

“एकावरून ठरत नाही, बाई!” घाई जवळजवळ ओरडलाच. “तुम्हीच सांगता ना? आणखी एक घ्या!”

दुसरी बेरीज बरोबर आली आणि वर्गाने टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या बेरजेला पहिली संख्या लिहून झाल्यावर बाईंचा हात हवेतच राहिला. दुसरी कोणती, ते त्यांनी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी स्वतःच खडू खाली ठेवला.

“पटलं,” त्या म्हणाल्या.

बाईंनी वर्ग सोडायचं म्हटल्यावर शाळेच्या मोठ्या बाईंनी त्यांना कार्यालयात बसवून चहा दिला. “अहो, पोरं काहीही बोलतात. एवढं काय मनाला लावून घेता? परीक्षेपर्यंत ओढा.”

“पोरं काहीही बोलत नाहीत,” बाई म्हणाल्या. “तेवढंच तर शिकवलंय त्यांना.”

दुपारी शाळा सुटल्यावर, वर्ग आता सांभाळणार असलेल्या सरांना घेऊन त्या रिकाम्या वर्गात आल्या. संख्या निसटत होत्या, पण पोरं नाही. एकेका बाकावर हात ठेवून त्या सांगत गेल्या. “हा घाईचा. त्याला थांबवू नका, फक्त उत्तरानंतर दोन मिनिटं द्या. ही खिडकीतली, हिला येतं पण बोलत नाही. आधी शेजारणीला सांगू दे. हा मागचा, दुसऱ्याचं कारण आपलं म्हणून खपवतो. तेच त्याला नव्या संख्येवर करायला लावा, पकडला जातो.”

सर मान डोलावत होते. अशी माहिती आपल्याकडे एकाही पोराची नाही, हा हिशेब ते मनात मांडत होते आणि तो त्यांना जड जात होता.

वकिलीणबाईंच्या बाकापाशी बाई थांबल्या.

“हिला काही दिवस काही विचारू नका. आज सुटताना माझ्याजवळ आली होती. ‘चुकलं असतं माझं तर किती बरं झालं असतं,’ म्हणाली. सर, हिला बरोबर असण्याची भीती बसलीय. माझ्यामुळे.”

“कशी घालवायची ती?” सरांनी विचारलं. थट्टेचा सूर कुठच्या कुठे गेला होता.

बाईंनी बाकावरून हात फिरवला.

“ते अजून सुचलं नाही. सुचलं की लगेच फोन करते,” त्या म्हणाल्या. “विसरायच्या आत.”