गुडघ्यावरचा हात

सुजाता रामटेकेच्या नवऱ्याला अख्खी भिलाई 'रोशनदादा' म्हणून ओळखते. स्टेजवर वाघासारखा गुरगुरणाऱ्या या माणसाला घरी बादली उचलली तरी धाप लागते, हे मात्र भिलाईला ठाऊक नाही. ते ठाऊक होऊ नये म्हणून सुजातानं गेली दोन वर्षं काय काय केलं, ते तिचं तिलाच माहीत.

रोशननं जन्मभर पोलाद कारखान्यात कोक ओव्हनवर, कोळशाच्या भट्टीवर ड्यूटी केली. ऐन तरुणपणी प्लांटच्या वसाहतीतल्या, आपल्या सेक्टरमधल्या चार पोरांना घेऊन त्यानं 'स्लॅग' नावाचा बँड काढला. स्लॅग म्हणजे लोखंड वितळलं की वर येतो तो मळ. नावच असलं, तर गाणी काय गोड असणार? त्याचे वडील धोंडबा जयंतीला ढोलकीवर भीमगीतं म्हणायचे. पोराला पहिल्यांदा माइकवर ऐकलं तेव्हा त्यांनी घाबरून विचारलं होतं, "कोनी मारून राहिलं का बे याले?" पण हेवी मेटलमध्ये ओरडण्यालाच गाणं म्हणतात, आणि रोशनसारखा ओरडणारा दुर्गपासून रायपूरपर्यंत दुसरा नव्हता. शेवटच्या गाण्यात तो ताठ उभा राहायचा, मान मागे टाकायचा आणि एक लांबलचक किंकाळी काढायचा. प्लांटच्या भोंग्यासारखी ती चढतच जायची, म्हणून पोरं तिला भोंगाच म्हणायची. भोंगा झाल्याशिवाय कोणी घरी जात नसे.

रिटायर व्हायच्या सुमारास त्याचा दम उतरला. डॉक्टरांनी वय, बिडी, धूळ, सगळ्यांचीच नावं घेतली, तोंडात मारायचा पंप लिहून दिला आणि गाणं बंद करायला सांगितलं. दवाखान्याच्या पायरीवर बसून रोशन बायकोला म्हणाला, "पियूषले नको सांगजो. त्याले समजलं त तो इथंच बसून राहीन."

पियूष हा त्यांचा एकुलता एक. वडिलांच्याच बँडमध्ये गिटार वाजवतो, आणि खोटं कशाला सांगा, वडिलांपेक्षा चार पावलं पुढे आहे. बंगळुरूच्या एका मोठ्या बँडनं त्याला दोनदा बोलावलं होतं. दोन्ही वेळा तो 'बघू' म्हणाला, कारण पोरगा आईबापाच्या पायात घुटमळणाऱ्यांतला. बापाचं दुखणं कळलं असतं तर त्यानं गिटार खुंटीला टांगून इथेच कुठल्या तरी दुकानात नोकरी धरली असती. सुजाताला हे पटत होतं. म्हणून ती गप्प राहिली, आणि नुसती गप्प राहिली नाही, कामालाही लागली.

कोहक्याच्या विहारात ती बायकांना आनापान शिकवते. येणारा श्वास पाहायचा, जाणारा श्वास पाहायचा, बस. आता ती नवऱ्याचाच श्वास पाहू लागली. तिच्या ध्यानात आलं की उताणा झोपला की तो तळमळतो, ताठ उभा राहिला की खांदे वर-खाली होतात, पण पलंगाच्या काठावर बसून, पुढे वाकून, हात गुडघ्यांवर टेकले की छाती मोकळी होते.

"तुमी स्टेजवरबी असेच वाकत जा," ती म्हणाली.

"म्हाताऱ्यावानी?"

"एक पाय डब्ब्यावर ठेवा, एक हात गुडघ्यावर. केस समोर येऊ द्या. कोन पाह्यते?"

आणि खरंच कोणी पाहिलं नाही. स्टेजच्या कडेला ठेवलेल्या लोखंडी डब्यावर पाय, गुडघ्यावर हात, पाठीची कमान, पांढरे केस माइकवर लोंबतायत, अशा थाटात रोशन उभा राहिला आणि पोरं वेडी झाली. केसांच्या आड तो नाकानं श्वास घ्यायचा आणि ओठांचा चंबू करून हळूहळू सोडायचा. छातीतून ओरडणं सोडून पोटातून खालच्या आवाजात गुरगुरायला शिकला, त्याला हवा कमी लागते. लांब ओळी मोडून अर्ध्या केल्या, अर्ध्या पब्लिककडे दिल्या. महिन्याभरात भिलाईतली पोरं 'दादा पोज' म्हणून फोटो काढू लागली. सुजाताला हसू यायचं, आणि ती पिशवीतला पंप चाचपून पाहायची.

भोंगा मात्र वाकून निघत नाही. त्याला ताठच व्हावं लागतं. त्यासाठी तिनं वेगळी युक्ती काढली होती: त्याआधी पियूषचा गिटारचा लांब तुकडा, तेवढ्यात रोशननं वाकून दम जमवायचा, मग एकदाच उठायचं. जेमतेम जमायचं.

यंदा बँडचा वाढदिवस म्हणून पियूषनं सुपेल्यात लग्नाचा हॉल घेतला. आदल्या दिवशी तो स्वयंपाकघरात आला आणि हळूच म्हणाला, "आई, पापाले सांगू नको, सरप्राइज आहे. स्मोक मशीन मंगवली. भोंग्याच्या टाइमले पूरा धुआं! पापाले धुएँ से कुछ दिक्कत तो नहीं ना?"

सुजाताची पोळी तव्यावर फुगली आणि जळली. रोशनचा आयुष्यभराचा नियम तिला माहीत होता. ओव्हनवर धूर अंगावर आला की आधी श्वास बंद, मग पाऊल मागे. ही सवय त्याच्या हाडात इतकी मुरलेली, की घरी मिरचीची फोडणी पडली तरी तो तोंड मिटून अंगणात जायचा. हे सांगायचं, तर बाकीचंही सांगावं लागणार. आणि बंगळुरूचं बोलावणं तिसऱ्यांदा आलं होतं, पोरगा या वेळी हो म्हणण्याच्या बेतात होता.

"तीस वर्स धुरातच त होते," ती म्हणाली. "त्याईले काय होते?"

तेवढं बोलून तिनं दुसरी पोळी टाकली. बाई गं, तुला एवढं तरी सुचायचं होतं की मशीन महाग पडेल म्हण, हॉलवाला ओरडेल म्हण! पण ऐन वेळी माणसाला सुचतं कुठे? रात्री तरी नवऱ्याला सांगावं म्हणून ती दोनदा त्याच्याजवळ गेली. तो पलंगाच्या काठावर वाकून, डोळे मिटून श्वास मोजत होता. चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की तिचा धीर झाला नाही.

रविवारी दुपारी हॉल खच्चून भरला. गेटवर अजून आदल्या लग्नाची 'चंदन संग रश्मी' पाटी लटकत होती. सुजाता पहिल्या रांगेत, कानात कापूस घालून उभी होती. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं. शेवटचं गाणं आलं, पियूषनं गिटारचा तुकडा सुरू केला, रोशन गुडघ्यावर हात ठेवून दम जमवू लागला. एक, दोन, तीन, तिनं मनात त्याच्याबरोबर श्वास घेतला. आता उठणार, तोच दोन्ही बाजूंनी पांढरा धूर सुटला.

रोशनचं तोंड मिटलं. खांदे वर चढले ते खाली येईनात. पाऊल मागे गेलं, पण मागे ड्रम होता. तो पुन्हा वाकला, दुसराही हात गुडघ्यावर गेला, आणि कमरेत मोडल्यासारखा तसाच राहिला.

"दादा पोज!" कोणीतरी ओरडलं, आणि अख्खा हॉल वाकला. शेकडो पोरंपोरी गुडघ्यांवर हात ठेवून केस हलवू लागली.

सुजाता मशीनवाल्याकडे धावली. "बंद कर बापा, बंद कर!" तिचं तिलाच ऐकू येत नव्हतं. तिनं हात हलवले. त्यानं खूश होऊन अंगठा दाखवला आणि धूर वाढवला. तिनं वायर शोधली, तर खाली वायरींचं जंजाळ. स्टेजवर चढू गेली, तर एका मुलीनं प्रेमानं तिचा हात धरून तिलाच नाचवलं. इतकी माणसं त्याच्यावर जीव टाकत होती, आणि एकालाही दिसत नव्हतं. तिला रडू फुटलं. तेही कोणाला दिसलं नाही.

पियूष बापाजवळ आला. त्याच्या पाठीला पाठ लावून वाकला आणि त्यानं गिटारवर एक सूर धरला, चढवला, आणखी चढवला. भोंगा झाला. रोशनच्या तोंडून नाही, गिटारमधून. हॉल थरारला.

धूर विरल्यावर रोशन कसाबसा मागच्या खोलीत आला. सुजातानं त्याच्या तोंडात पंप दाबला आणि पदराआड लपवला. पाठोपाठ पियूष आला. डोळे भरलेले.

"पापा, तुमी भोंगा मले देला," तो बापाच्या पाया पडला. "सबके सामने. मी बंगळुरूले हो म्हनून देतो. आता काहीच टेन्शन नाही."

रोशनला बोलता येत नव्हतं. त्यानं पोराच्या डोक्यावर हात ठेवला. सुजातानं पदराआडचा पंप कमरेला आणखी आत खोचला. आता काय सांगणार होती ती?

गुरुवारी पियूष निघाला. पावर हाउस स्टेशनवर पुलाचा जिना चढून पलीकडे जायचं होतं. सामान पियूषनं आणि त्याच्या दोस्तांनी नेलं, ही दोघं मागून आली. प्लॅटफॉर्मवर पोचेपर्यंत गाडी लागलेली, पियूष दारात उभा. रोशनला त्याला काहीतरी सांगायचं होतं. तो दोन पावलं पुढे गेला आणि थांबला. हात गुडघ्यांवर गेले, पाठ वाकली, ओठांचा चंबू झाला.

दारातला पियूष खदखदून हसला. "देखो, देखो, पापा!" त्यानंही एक हात गुडघ्यावर ठेवला, मान खाली घातली, केस झटकले. दोस्तही वाकले. गाडी हलली.

सुजातानं नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला. बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या. "पियूष!" ती ओरडली. त्यानं हात हलवला, तिच्याकडे पाहून हसला आणि वाकलेल्या बापाला पुन्हा एकदा तसंच वाकून दाखवलं, गाडी दिसेनाशी होईपर्यंत.