मुठीतली मूठ

बालवर्गाच्या मोठ्या बाई कपड्यांची पिशवी घेऊन इस्त्रीच्या दुकानापाशी पोचल्या, तेव्हा आत चांगलाच गलका चालला होता.

"हा शर्ट माझा?" डॉक्टर हात पसरून विचारत होते. "यात माझ्यासारखे दोन मावतील, वर एखादा पेशंटही बसेल!"

"माझा आहे तो, इकडे द्या," दर्जी पोट सावरत म्हणाला. "आणि हसू नका. मी स्वतः शिवलाय."

इस्त्रीवालीचा चेहरा उतरला होता. तिला लिहिता-वाचता येत नसे. इतकी वर्षं ती प्रत्येक गठ्ठ्याला रंगीत दोरा बांधायची. डॉक्टरांचा निळा, दर्ज्याचा हिरवा, गवंड्याचा पिवळा. एक रुमालही कधी इकडचा तिकडे झाला नव्हता. चार दिवसांपूर्वी मात्र तिने दोऱ्यांचं रीळ मोठ्या ऐटीत फळीवर टाकून दिलं. आता गठ्ठ्यावर चिठ्ठी, चिठ्ठीवर गिऱ्हाइकाचं पहिलं अक्षर. ते काढायचं तिच्या पाच वर्षांच्या लेकीने आणि ओळखायचंही तिनेच. पोरगी एका जागी ठरत नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. आज ती भिंगरी टेबलाच्या पायाला चिकटून गप्प उभी होती.

आणि हे सगळं ज्याच्या भरवशावर केलं, तो कागद समोरच्या भिंतीवर होता. बालवर्गाच्या प्रदर्शनातला. त्यावर भिंगरीने काढलेलं 'आई'. घोटीव, गोल, एका रेषेत. येणाऱ्या-जाणाऱ्याला इस्त्रीवाली तो दाखवायची.

"बघा ना बाई," ती म्हणाली, "शाळेत मोत्यासारखं काढते आणि इथे नुसते किडे-मुंग्या! तुम्हीच सांगा हिला."

बाईंनी टेबलावरच्या चिठ्ठ्या पाहिल्या. एकीवर गाठ मारल्यासारखी रेघ, दुसरीवर तशीच, फक्त आडवी. त्यांना सगळं कळलं. तरी तोंडातून निघून गेलं, "अहो, घरी मुलं जरा लाडात येतात. चालायचंच."

म्हणाल्या आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली. पण तोवर आईने लेकीचा कान धरला होता.

"ऐकलंस? बाई काय म्हणतायत? नखरे नुसते! चारचौघांत माझी शोभा केलीस!"

भिंगरी रडली नाही. कान आईच्या हातात असतानाच ती बाईंकडे वळली, खडू धरल्यासारखी मूठ केली आणि त्यांच्यापुढे धरली.

"डॉक्टरांचा ड, बाई. डबा, डोळा, डोंगर. मला ऐकू येतो. हाताला येत नाही. तुमचा हात द्या ना, मग येईल."

बाईंना ती मूठ ओळखीची होती. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी पंधरा मुलांच्या पंधरा मुठी त्यांनी आपल्या मुठीत घेतल्या होत्या. चाळीस वर्षं त्यांच्या वर्गाच्या अक्षराची वाहवा झाली होती, आणि भिंतीवर वेडंवाकडं काही लागावं हे त्यांना सोसलं नाही. एरवी त्या मुलाला आधी वाळूत बोट फिरवू देत, हवेत अक्षर काढू देत, दहादा चुकू देत. त्या दिवशी मात्र वेळ नव्हता. भिंगरीची मूठ आतल्या आत सैल पडली होती, अगदी कापसासारखी. तेव्हाच त्यांच्या लक्षात आलं होतं की पोरीचा हात नुसता पाहुणा आहे. तरी त्यांनी 'ई'ला झकास वळण देऊन टाकलं होतं.

"तिचा कान सोडा," बाई म्हणाल्या. "तो कागद हिने लिहिलेला नाही. मी लिहिला. हात हिचा होता, अक्षर माझं. चांगलं दिसावं म्हणून. आणि आत्ता बोलले तेही खोटं बोलले."

डॉक्टर उगाचच शर्टाची बटणं मोजू लागले. दर्जी खाली बघत राहिला.

इस्त्रीवालीने आधी कागदाकडे पाहिलं, मग बाईंकडे. "म्हणजे मी सगळ्या गल्लीला तुमचं अक्षर दाखवत होते," ती सावकाश म्हणाली. "आणि हिला मारत होते."

बाईंना वाटलं, तिने ओरडावं. ती ओरडली नाही. तिने कागद काढला, घडी न करता टेबलावर पालथा घातला. पेन्सिल लेकीपुढे ठेवली.

"काढ. तुझं तुला येईल तसं."

"पण बाईंचा हात..."

"बाई हात देणार नाहीत."

बाईंनी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकात एक घट्ट धरले. त्यांच्यासारख्या म्हातारीला वर्गात कोपऱ्यात उभं केल्यावर दिसेल तसंच ते दिसत असणार. भिंगरीने जीभ दातांत धरली. रेघ खाली आली, वळायच्या जागी अडली, भलतीकडेच निघाली. बाईंची बोटं पाठीमागे आपोआप वळली. त्यांनी ती दाबून धरली.

"पुन्हा," त्या म्हणाल्या. "घाई नाही."

पाचव्या वेळी पालथ्या कागदावर काहीतरी उभं राहिलं. पोट फुगलेलं, मान लचकलेली, पण ड.

"आला!" भिंगरी ओरडली.

इस्त्रीवालीने ते अक्षर खूप वेळ पाहिलं. मग फळीवरून रीळ काढलं आणि डॉक्टरांच्या गठ्ठ्याला निळा दोरा बांधला.

"तुमचे कपडे ठेवून जा, बाई," ती मान वर न करता म्हणाली. "दोरा कुठला बांधू?"

"कुठलाही," बाई म्हणाल्या. खांद्यावरची पिशवी टेबलावर ठेवायला त्यांना हात सोडवावे लागले, आणि ते कुठे ठेवावेत हे त्यांना बाहेर रस्त्यावर येईपर्यंत सुचेना.